हातोडा, ढाल अन् घुशी : माझा अनुभव

आधीच सांगतो, ढाल मी हौसेनं घेतली नव्हती, माझ्या गळ्यात मारली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये वॉरहॅमर व्हर्मिंटाइड २ हा गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, थोडे दिवस फुकट होता, तेवढ्यात लायब्ररीत टाकून घेतला की कायमचा आपला, मग फुकट म्हणल्यावर आम्ही नात्यातल्या तिघांनी अन् एका मित्रानं लगेच टाकून घेतला. गेम तसा जुना, २०१८ चा, स्वीडनच्या फॅटशार्क कंपनीचा. चार जणांनी मिळून खेळायचा, जास्तीत जास्त मारामारी समोरासमोरची, अन् समोरून उंदीर-माणसांचे लोंढेच्या लोंढे येतात. गेममध्ये त्यांना स्केव्हन म्हणतात पण आमच्यात पहिल्या रात्रीपासून त्या घुशीच.

टीम अशी. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, संभाजीनगरला वाळूजमध्ये शिफ्टला असतो, त्यानं क्रूबर घेतला, तो शिपाईगडी. मामाची पोरगी नांदेडला, तिनं केरिलियन घेतली, धनुष्यवाली, अन् खरं बोलायचं तर आमच्यात नेम फक्त तिलाच आहे. लातूरचा मित्र क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो म्हणून आम्ही त्याला सरच म्हणतो, त्यानं सिएना घेतली, आग लावणारी चेटकीण, क्लासमधला राग तिथं काढत असावा. मी परभणीत बी-बियाण्याच्या दुकानात बसतो, लॅपटॉप भावाचा जुना, घुशी वीसच्या वर झाल्या की फ्रेम अशा पडतात, चित्र असं अडखळतं की बघायला नको. मी बंदूक घेऊन नेम धरला की गोळी कुठं जायची ते मलाच माहीत नसायचं. शेवटी दादा म्हणला, "बारक्या, तुला नेम जमंना गेलाय, तू बुटका घे अन् ढाल धर, पुढं उभं राहा, मागं आम्ही हाव की."

बुटका म्हणजे बार्डिन. गेममध्ये एकाच पात्राचे लढायचे वेगवेगळे प्रकार असतात, त्याला करिअर म्हणतात, मी त्याचं आयर्नब्रेकर नावाचं करिअर घेतलं, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ढाल. मला वाटलं बरंच झालं, आता काही शिकायचंच नाही, माउसचं उजवं बटण दाबून धरायचं अन् उभं राहायचं. अवघडपणाच्या पहिल्या दोन लेव्हल म्हणजे रिक्रूट अन् व्हेटरन, तिथं हे चालूनही गेलं. तिसऱ्या लेव्हलला, चॅम्पियनवर गेलो अन् रोज रात्री पहिला मरणारा मी. ढालवाला पहिला मरतोय म्हणल्यावर बाकीच्यांचं काय होणार.

व्हायचं काय की स्क्रीनच्या मध्ये क्रॉसहेअर म्हणजे नेमाच्या खुणेजवळ बारक्या ढालींचे आयकॉन असतात, तोच तुमचा स्टॅमिना, म्हणजे दम. ब्लॉक धरलेला असताना प्रत्येक फटक्याला तो थोडा थोडा कमी होतो, अन् संपला की गार्ड तुटतो, माणूस क्षणभर झिंगल्यासारखा होतो अन् तेवढ्यात सहा घुशी येऊन हाणतात. मी आयकॉनकडं बघतच नव्हतो, बटण दाबलंय ना मग आपण सेफ, एवढंच डोक्यात. एका रात्री सलग तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा हेडफोनमध्ये दादाचा आवाज आला, "अरे ती ढाल हाय का छत्री? पाऊस थांबायची वाट बघायलास का?" मामाची पोरगी इतकी हसली की तिचा बाण माझ्याच पाठीत बसला, अन् चॅम्पियनपासून पुढं आपल्या माणसाचे बाण-गोळ्याही लागतात, त्यामुळं ते फक्त हसण्यावारी नेण्यासारखं पण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा विचार करत बसलो. मला एसटी स्टँड आठवलं. दिवाळीच्या गर्दीत गाडी लागली की आमचे बाबा दारात उभे राहायचे, खांद्यावरची बॅग पुढं घेऊन, अन् आई, आजी, आम्ही पोरं खालून आत घुसायचो. बाबा काही गर्दीचे धक्के खात नुसते उभे राहत नव्हते, बॅगेनं दर दोन सेकंदाला एक रेटा द्यायचे, गर्दी फूटभर मागं, त्या फूटभरात एक जण आत. परत रेटा, परत एक जण. रेटा कधी द्यायचा ते त्यांना बरोबर कळायचं, सारखं ढकलत राहिलं असतं तर तेच दमले असते.

गेममध्ये हेच आहे अन् मला दोन महिने दिसलं नव्हतं. ब्लॉक धरलेला असताना डावं बटण दाबलं की पुश, म्हणजे ढालीचा रेटा. समोरच्या घुशी मागं कोलमडतात अन् त्यांचे उगारलेले फटके वाया जातात, म्हणजे जे सहा फटके तुमचा स्टॅमिना खाणार होते ते आलेच नाहीत. पुशला पण स्टॅमिना लागतो, पण सहा फटके अडवण्यापेक्षा एक रेटा स्वस्त, साधं दुकानदारी गणित. अन् डावं बटण दाबूनच ठेवलं तर रेट्यामागून लगेच एक फटका पण बसतो. हे सगळं ट्युटोरियलमध्ये असणार, आम्ही ट्युटोरियल कोण बघतंय.

मग सुरू झाला खरा अभ्यास. गेममध्ये ताल्स हॉर्न कीप नावाचा किल्ला आहे, मिशनच्या आधी सगळे तिथं जमतात, तिथं मारायला पुतळे आहेत. त्या पुतळ्यांवर मी तासभर ढाल आपटली अन् दोन दिवसांनी कळलं की पुतळा उलटा फटका देत नाही, त्यामुळं टायमिंग काहीच येत नाही. पुतळ्यावर हात फक्त कॉम्बोला, म्हणजे एकामागून एक फटक्यांच्या क्रमाला बसतो. हातोडा-ढालीत बटण दाबून धरून सोडलं की ढालीनंच मोठा दणका बसतो, समोरची सगळी ओळ हलते, तो दणका कधी निघतो एवढं मात्र पुतळ्यावर पक्कं झालं. बाकी सगळं मार खाऊनच शिकलो.

मार खाऊन काय काय शिकलो ते आठवंल तसं सांगतो. ब्लॉक चारी बाजूंनी होतो हे खरं, पण समोरचा फटका स्वस्तात अडतो अन् पाठीमागचा महागात. म्हणजे घुशी पाठीत येऊ द्यायच्या नाहीत, पाठीला भिंत घ्यायची. मग मी दारात उभा राहायला लागलो, अगदी चौकटीत, दार अडवून. वाटलं काय डोकं लावलंय. तर सर ओरडले, "अरे सरक की, मला समोर दिसंना, आग कुठं टाकू, तुझ्या टकल्यावर?" बरोबर होतं त्यांचं. ढालवाल्यानं दार अडवलं तर मागच्या तिघांना काम राहत नाही. आता मी दारापासून दोन पावलं आत, एका कडेला उभा राहतो, घुशी दारातून आत आल्या की माझ्यासमोर गोळा होतात अन् सरांना, पोरीला मोकळी लाईन मिळते.

अजून एक, अन् हे मला सगळ्यात उशिरा कळलं. ढालीनं मारायचंच नसतं, म्हणजे मरंल तर मरंल, पण काम ते नाही. आमचे आजोबा संध्याकाळी गुरं गोठ्यात घालायचे तेव्हा एकेका गाईला काठी मारत फिरत नव्हते, कडेची एक वळवली की सगळा घोळका वळायचा. तसंच हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये विंड्स ऑफ मॅजिक म्हणून मोठा अपडेट आला, तेव्हापासून जो शत्रू धक्का खाऊन डळमळलाय त्याला लागणारा मार वाढतो. म्हणजे मी दणका दिला, ओळ डळमळली अन् दादानं त्याच क्षणी तलवार फिरवली की त्याच तलवारीनं जास्त माल आडवा. वर माझ्या टॅलेंटमध्ये, म्हणजे पात्रासाठी निवडायच्या खुब्यांमध्ये, असं निवडलंय की जेवढ्या जणांना धक्का बसंल तेवढा मला तात्पुरता हेल्थ मिळतो. म्हणजे मी मारत नाही, नुसता रेटत राहतो, अन् रेटण्यावरच जगतो. स्कोअरबोर्डवर किल माझे सगळ्यात कमी, अजूनही. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता बघत पण नाही. (बघतो. पण बोलत नाही.)

टायमिंग यायला मदत झाली ती पॅरी नावाच्या ट्रेटची, ट्रेट म्हणजे हत्याराला लावायचा जादा गुण. हातोड्यावर तो घेतला की फटका लागायच्या अगदी आधी ब्लॉक केला तर स्टॅमिना जातच नाही. म्हणजे दाबून धरणाऱ्याला फायदा शून्य, अन् बरोबर वेळेला दाबणाऱ्याला फुकट. माझी दाबून धरायची सवय मोडायला हेच औषध लागलं. पहिले आठ दिवस जीव गेला, बटण सोडायची भीतीच वाटायची, हात आपोआप दाबायचा. अन् आमचा गेम होस्ट होतो दादाच्या मशीनवर, म्हणजे सगळ्यांचा खेळ तिथूनच चालतो, त्याचं नेट डगमगलं की मला फटका दिसायचा एक अन् लागायचा दुसरा, तेव्हा पॅरीबिरी सगळं हवेत. माझ्याकडं राउटर इन्व्हर्टरवर घेतला, कारण आमच्या गल्लीत लाईट जायची वेळ अन् घुशींचा लोंढा यायची वेळ एकच.

रॅटलिंग गनर म्हणून एक घूस आहे, मशीनगन घेऊन येते. बाकीचे पळून आडोशाला जातात, ढालवाल्याला मात्र तिच्या गोळ्या अडवता येतात. तलवारीनं नाही, ढालच पाहिजे. ती गरगरायला लागली की मी तिच्यासमोर तोंड करून ब्लॉक धरतो, एक डोळा आयकॉनवर ठेवून हळूहळू मागं सरकतो, अन् माझ्या मागून मामाची पोरगी एक बाण सोडते, डोक्यात. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी घरात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आईनं येऊन विचारलं कोण मेलं म्हणून.

मोठे काळे घुशी, स्टॉर्मव्हर्मिन, वरून दोन्ही हातांनी मारतात तो फटका मात्र ढालीवर घेऊ नये, अडतो पण स्टॅमिना भसाभस जातो, त्याला बाजूला पाऊल टाकून हुकवलेलंच बरं. ढाल आहे म्हणून सगळंच ढालीवर घ्यायचं ही माझी अक्कल होती, ती तिथं निघाली.

यंदा उन्हाळ्यात पहिल्यांदा चॅम्पियनच्या वरच्या लेजेंड लेव्हलला हात घातला. अगेन्स्ट द ग्रेन नावाचं मिशन, शेतातून, वाड्या-वस्त्यांतून जातं, त्यामुळं आम्हाला तिथं घरच्यासारखं वाटतं, फक्त पीक आपल्यापेक्षा बरं दिसतं. पहिले चार डाव गेले. पाचव्यात एका गोठ्यासारख्या कोपऱ्यात लोंढा आला अन् सर आडवे, मग दादा आडवा, मग पोरगी पण आडवी. मी एकटा. आधीचा मी असतो तर बटण दाबून बसलो असतो छत्री धरून.

त्या दिवशी हात थरथरत होता पण डोकं थंड होतं, कसं काय ते माहीत नाही. बार्डिनची स्पेशल स्किल तयार होती, ती दाबली की आसपासचा सगळा जमाव तुमच्यावर येतो अन् दहा सेकंद तुम्ही काहीही अडवू शकता. दाबली. सगळ्या घुशी माझ्याकडं वळल्या. पोरगी भिंतीला लागून पडली होती, तिच्यापर्यंत गेलो, ब्लॉक धरूनच उचलायचं बटण दाबलं, उचलताना ब्लॉक धरता येतो हे फार कमी जण वापरतात. समोर दहा-बारा घुशी ढालीवर टकटक टकटक, पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, अन् त्या आवाजात हेडफोनमधून तिघं एकदम बोलायला लागलेले, "धर धर धर", "आयकॉन बघ", "दादा गप बस की, त्याला करू दे". ती उठली. दहा सेकंद संपले. एक रेटा, एक दणका, परत रेटा. तिनं माझ्या डाव्या अंगानं बाण सुरू केले. मग आम्ही दोघांनी मिळून दादाला उठवला अन् दादानं सरांना.

ते मिशन काढलं. संपल्यावर कोणी फार बोललं नाही, सर म्हणले सकाळी सातची बॅच आहे, झोपतो. दादा म्हणला, "बारक्या, उद्या साडेनऊला. ढाल बदलू नको."

उद्या साडेनऊला बसलो की. पहिल्याच वळणावर पॅकमास्टर उभा होता, लांब काठीला आकडा लावून माणूस पकडून नेणारी घूस, अन् तो आकडा ढालीनं अडत नाही, हुकवावाच लागतो. मला पाठ होतं हे. तरी हातानं सवयीनं ब्लॉक धरला, अन् नेलं त्यानं मला फरपटत, ढालीसकट, अन् मागून नांदेडचा आवाज, "अगं बाई, छत्री उडाली."