सांडगी मिरचीचे तीन दिवस

शनिवार

पहाटे गोधडी शोधता शोधता जाग आली. रात्री खिडकी उघडीच राहिली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४८ फॅरनहाइट, म्हणजे आपले ९ अंश. परवा रात्री याच खोलीत पंखा लावून झोपले होते.

मागचं दार जूनपासून फुगलेलं. खांदा लावल्याशिवाय बसत नव्हतं, आज नुसतं लोटलं तर टक्क करून लागलं. नाश्त्याला उपमा केला आणि तो खारट झाला, कारण मिठाची डबी. तीन महिने तिला दोन धपाटे घालायचे, तेव्हा कुठे चिमूटभर मीठ पडायचं. त्याच सवयीनं आज धपाटे घातले आणि मीठ भस्सकन ओतलं गेलं. लगदा नाही, खडा नाही, वाळूसारखं सुटं.

रत्नागिरीच्या घरात मिठाची बरणी, त्यात तांदळाचे दाणे आणि तरी तळाला पाणी, हे मी जन्मापासून पाहिलेलं. समुद्र म्हणजे ओल, असंच गणित होतं. काडेपेटी सादळते, पुस्तकांना वास येतो, कपाटातल्या चपलांवर बुरा चढतो. इथे मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर किनाऱ्यावर घर घेतलं तेव्हाही मी हेच धरून चालले होते. जुलैत ते खरंही असतं. सप्टेंबर मात्र कोड्यात टाकतो. भरतीचा आवाज घरात ऐकू येतो आणि ओठ फुटतात.

शेजारचे आजोबा याला नुसतं ‘कॅनडाची हवा’ म्हणतात आणि एवढं म्हणून कुंपण रंगवायला घेतात. टीव्हीवरचे हवामानवाले दवबिंदू सांगतात, म्हणजे हवा किती गार झाली की दव पडेल तो आकडा. जुलैत तो ७० फॅरनहाइटच्या घरात होता, आज ३८. दुपारी पारा ६५ वर गेला तेव्हा हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास उरली होती. मुळात गार हवेत बाष्प मावतंच थोडं, त्यात जास्त दाबाच्या पट्ट्यात ती वरून खाली उतरते, उतरताना तापते आणि आणखी कोरडी होते. म्हणून असं धुऊन काढल्यासारखं निळं आभाळ. वारा वायव्येचा, जमिनीकडून समुद्राकडे. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. तिथे मतलई रात्रीपुरता, इथे हा दिवसाढवळ्या वाहतोय आणि शेकडो मैलांवरून आलाय. समुद्र दाराशी आहे खरा, पण आज त्याचं काही चालत नाही.

अशा हवेत हात शिवशिवणारच. परसातल्या चार रोपांना अजून हिरव्या मिरच्या लगडल्यात, त्या इथे लाल व्हायच्या नाहीत. किनाऱ्याला पहिलं गोठणारं दव जरा उशिरा पडतं, समुद्राची ऊब असते म्हणून, पण ऑक्टोबरात कधीतरी पडणारच. म्हटलं, सांडगी मिरची घालू. बेताच्या जाड तीस मिरच्या निवडून मधे चीर दिली. मेथी, धणे, हिंग, मीठ भरलं आणि ताकात बुडवून ठेवल्या.

आठ वाजता आईला फोन केला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच.

“सप्टेंबरात सांडगी मिरची? अगो, हे काम चैत्र-वैशाखाचं. इथे हत्तीचा पाऊस यायचाय अजून.”

“अगं आई, इथे पाऊस नाही, हवा कोरडी आहे.”

“ऊन कसं आहे?”

ऊन, खरं सांगायचं तर, तिरपं आहे. दुपारी बारालाही माझी सावली पायाखाली येत नाही, बाजूला पडून राहते. तसं सांगितलं.

“मग नाही वाळायच्या. मिरच्या उन्हानं वाळतात गो, वाऱ्यानं नाही.”

“मग बोंबील कशानं वाळतात?”

यावर ती गप्प बसली आणि मग पितृपक्षातल्या सामानाचं बोलायला लागली. मी जिंकले असं समजायला हरकत नाही.

रविवार

पाच वाजता ताटं बाहेर ठेवायला गेले तर आग्नेयेला मृग चढलेला, काठीनं टोचावा इतका स्पष्ट. आमच्याकडे मृग म्हटलं की पाऊस आणि छत्र्या. त्याला असं कोरड्या थंडीत कुडकुडत बघायचं म्हणजे ओळखीच्या माणसाला परक्या गावी गाठल्यासारखं.

ताटावर पंचा टाकून चार दगड ठेवले आणि प्लम आयलंडला गेलो. बेटाआधी मैलोन् मैल खाजण पसरलंय. जुलैत तिथे गाडीची काच खाली करायची सोय नसते. हिरव्या डोळ्यांच्या माश्या चावतात, नुसत्या बसत नाहीत, लचका तोडतात. आता एकही नाही. खाजणातलं गवत वरून पिवळट पडलंय आणि खळग्यांच्या कडेनं बोटभर उंचीची ती मांसल, बिनपानांची झुडपं लालभडक झालीत. हिरवी असताना कुणी ढुंकूनही बघत नाही. एक काडी तोडून चावली. खारट, करकरीत, कैरीच्या लोणच्यातल्या पाण्यासारखी चव.

गवतात मधेच लाकडी खुंटांचे झुबके उभे दिसतात. पूर्वी इथले शेतकरी खाजणातलं गवत कापून त्या खुंटांवर उडव्या रचायचे, भरतीचं पाणी खालून निघून जावं म्हणून. उडवी खुंटांवर! माझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर आधी हसले असते आणि मग खुंट मोजायला बसले असते.

बेबेरीच्या झुडपांवर भिंगऱ्यांचे, त्या छोट्या पक्ष्यांचे, थवे ऑगस्टअखेरीपासून असतात. मेणचट राखाडी फळं खातात आणि धुरासारख्या एकदम उठतात. आज थवा विरळ होता, बरेचसे दक्षिणेला गेले असावेत. समुद्रसोन्याच्या, म्हणजे त्या पिवळ्या गोल्डनरॉडच्या तुऱ्यांवर मात्र केशरी मोनार्क फुलपाखरं होती. तीही निघालीत, मेक्सिकोला. वारा पाठीशी आहे तोवर निघावं, हे त्यांना कोण सांगतं कोण जाणे.

घरी येऊन बघते तर पंचा कुंपणाला अडकलेला, एक ताट पालथं आणि अकरा मिरच्या गवतात. धुऊन पुन्हा ताकात. पण सालीला सुरकुत्या आल्या होत्या, एका दिवसात! आईला फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला, तोही बराच वेळानं.

सोमवार

दुपारी दोनला वारा पडला. जास्त दाबाचा पट्टा समुद्रावर सरकला की हे होतंच. तीनला पूर्वेकडून आला, थंडच, पण वेगळा. शेवाळाचा वास घेऊन. आधी दीपगृह धूसर झालं, मग आजोबांचं कुंपण. त्यांचा रंग वाळला होता, माझ्या मिरच्या नाही.

ताटं आत घेतली. साल पांढुरकी झालीय, देठ कडक, पण दाबली की आत मऊ लागते. धीर निघेना म्हणून एक तळली. तेलात पडताच फट्टकन फुटली आणि मनगटावर थेंब उडाला. चव मात्र बरोबर होती, मेथीचा कडवटपणा शेवटी येतो तसा आला. दहीभाताबरोबर खाल्ली, मनगट नळाखाली धरून आले आणि आईला यातलं काही सांगितलं नाही.

उरलेल्या एकोणतीस ओव्हनमध्ये नुसत्या दिव्याच्या उबेवर ठेवल्यात. गुरुवारी वारा पुन्हा वायव्येचा म्हणतायत.

मागचं दार रात्री बंद करताना खालच्या कोपऱ्यात जरासं घासलं.