बारशाची ऑर्डर आणि मऊ पडलेला फ्लॉवर

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन आला. "ताई, चव मस्त आहे, पण सगळं मऊ पडलंय हो."

रविवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. पन्नास माणसं. नमुना म्हणून मागवलेला व्हेज क्रिस्पीचा डबा मी संध्याकाळी स्वतःच्या हाताने भरला होता. डोंबिवली पूर्वेहून पश्चिमेला, जुलैच्या पावसात रिक्षाने पाऊण तास. माझ्या कढईतून निघाली तेव्हा ती भाजी डब्यात पडताना खडखड वाजत होती. त्यांनी झाकण उघडलं तेव्हा फ्लॉवरवरचं आवरण ओल्या सालीसारखं सुटून आलं होतं.

नऊ वर्षं मी घरून ऑर्डरी घेते. उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, सुरळीच्या वड्या, यात हात बसलेला आहे. पण हल्ली बारसं असो की साखरपुडा, यजमान आधी विचारतात, "स्टार्टरला काय?" आणि हॉटेलात बसल्या बसल्या मागवतात ते व्हेज क्रिस्पी सगळ्यांना हवं असतं. मी ते भज्यांच्या अंदाजाने करत होते, आणि तिथेच चुकत होते. खेकडा भजीला कांद्याला मीठ चोळून ठेवायचं, त्याला सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवायचं, ही आजीची रीत. खेकडा भजी कढईतून थेट ताटात येतात, म्हणून ती रीत तिथे शोभते. क्रिस्पीला मात्र भाजीचं पाणी हाच शत्रू. फ्लॉवर, ढोबळी मिरची, फरसबी, सगळ्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यात आधी मीठ लावलं की ते बाहेर यायला लागतं.

आमच्या इमारतीमागे एक नेपाळी आचारी राहतात. बरीच वर्षं त्यांनी मुंबईतल्या हॉटेलांत चायनीजच्या भट्टीवर काढली. सगळे त्यांना दाजूच म्हणतात. शनिवारी सकाळी त्यांना बोलावलं. मसाल्यात काय घातलं, सॉस कुठला, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "डब्बा बंद किया था?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी चार तुरे तळायला लावले, ते ताटलीत काढले आणि वर स्टीलची दुसरी ताटली पालथी घातली. एक मिनिटसुद्धा झालं नसेल. त्यांनी वरची ताटली उलटी करून माझ्यासमोर धरली. आतून बारीक बारीक थेंब लागले होते, मधोमध दोन थेंब एकत्र होऊन ओघळायला लागले होते. "दीदी, ये पानी किधर से आया?"

नऊ वर्षं डबे भरतेय मी. इतकं स्वच्छ मला कुणी दाखवलं नव्हतं. तळलेल्या भाजीच्या पोटात वाफ असते, ती बाहेर पडत राहते. झाकण लावलं की तिचं पाणी होऊन ते पुन्हा आवरणावरच पडतं. वर पावसाळ्याची दमट हवा.

दिवसभर मग तेच केलं. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या गरम पाण्यातून दोन मिनिटं काढले, कारण पावसाळ्यात त्यात अळ्या असतातच. मग पंचावर पसरून दोन पंख्यांखाली पूर्ण कोरडे केले. नेहमी मी हे दहा मिनिटांत उरकायचे. दाजूंनी तासभर थांबवलं. तुरा बोटांत दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अभी नहीं."

पीठ कालवताना मी पिवळं मक्याचं पीठ पुढे केलं, तर त्यांनी मान हलवली. कॉर्नफ्लोअर हवं, पांढरं, बोटांत धरलं की करकरतं ते. मक्याचं पीठ म्हणजे दळलेला मका, आणि हा त्यातला फक्त स्टार्च. बऱ्याच जणींचं इथेच बिघडतं, म्हणून मुद्दाम लिहिते. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी मैदा, अर्धी वाटी तांदळाची पिठी. मैद्याने आवरण भाजीला धरून राहतं, पण मैदा जास्त झाला किंवा फार घोटला तर त्यातलं ग्लुटेन चिवट होतं. म्हणून पाणी फ्रिजमधलं, बर्फ घातलेलं, आणि हात चार-पाच वेळाच फिरवायचा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. डोशाच्या पिठापेक्षा पातळ. त्याआधी कोरड्या भाजीवर चमचाभर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, म्हणजे पीठ घसरत नाही. मीठ अगदी शेवटी.

आणि तळायचं दोनदा, हे मुख्य. पहिल्यांदा तेल साधारण १६० अंशांवर, तीनेक मिनिटं, रंग येऊ द्यायचा नाही. मग जाळीवर उघडं पसरायचं, एकावर एक नाही, कागदावर तर नाहीच, खालची बाजू लगेच ओलावते. या वेळात आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या आवरणात येतं. दुसऱ्यांदा तेल १८५ ते १९० वर, जेमतेम सव्वा मिनिट, की तेवढं पाणीही उडून जातं. हॉटेलात ऑर्डर दिल्यावर स्टार्टर इतक्या लवकर येतं ते यामुळेच. पहिलं तळण दुपारीच झालेलं असतं.

रात्री मी यजमानांना फोन करून सांगितलं, डबे पाठवणार नाही, हॉलवर येऊन तळून देईन. त्यांच्या जावयांनी फोन घेतला आणि म्हणाले, हॉटेलसारखं लालभडक हवं हं. मी नाही म्हटलं. २०२४ च्या जानेवारीत म्हापशाच्या नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, त्यामागे अस्वच्छतेबरोबर हे कृत्रिम रंगही होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानेही गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. बारशाला निम्मी तर लहान मुलं येतात. काश्मिरी मिरची भिजवून वाटली की पुरेसा रंग येतो, त्यावर मी ठाम राहिले आणि ते मानले.

त्यांना भाजी सॉसमध्ये घोळवूनही हवी होती, त्यालाही नाही म्हटलं. डिप वेगळं देण्याचा अर्थच तो आहे. ओलं आणि कोरडं तोंडात जाईपर्यंत भेटू द्यायचं नाही. तीन लिटर दुधाचं दही रात्रभर टांगून चक्का केला, श्रीखंडाला करतो तसाच. त्यात मिरपूड, पुदिना, मीठ, आणि तेलात मंद परतलेला लसूण. कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी उग्र होतो. दुसरं डिप लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि थोडा गूळ घालून शिजवलेलं.

रविवारी सकाळी आठ किलो भाजीचं पहिलं तळण घरीच उरकलं आणि पसरट परातींत, वर नुसतं सुती कापड टाकून टेम्पोतून नेलं. हॉलच्या मागे भट्टी, १९ किलोचा सिलिंडर, पाच लिटर तेलाची कढई. हिशेब असा होता की एका वेळी अर्धा किलो, म्हणजे सोळा घाणे, पाऊण तासात सगळं उरकतं.

पहिले तीन घाणे सुरेख निघाले. बाळाला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगून झालं, आणि बाहेरून एकदम गलका आला, "स्टार्टर कुठंय?" माझ्या जाऊबाईंनी घाईघाईने दोन घाण्यांची भाजी एकदम सोडली.

तेल गप्प झालं. ज्यांनी तळणात हात घातलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. चढा, कोरडा, चुरचुरणारा आवाज असतो तो एकदम बसतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. थर्मामीटर पाहिला तर १४५. दाजू शेजारीच उभे होते, पण त्यांनी हात पुढे केला नाही, माझ्याकडे पाहिलं फक्त. मी झारा घातला, सगळी भाजी बाहेर काढून जाळीवर टाकली, आच वाढवली आणि बाहेर निरोप पाठवला, पाच मिनिटं द्या. ती पाच मिनिटं फार लांब गेली. हॉलमधून चमचे वाजत होते, एक पोरगा दोनदा दारात येऊन गेला. पण तेल १९० वर आलं, आणि तीच भाजी अर्धी अर्धी सोडली तेव्हा आवाज पुन्हा चढला. तो घाणा आदल्यांइतकाच कडक निघाला. ढोबळी मिरची तेवढी थोडी तेलकट झाली, ती मी बाजूला काढली.

पुढे मग थाळ्या भरून ठेवल्याच नाहीत. घाणा निघाला की थेट बाहेर, लहान लहान बशांत. तासाभराने यजमानीण आत आल्या, माझा हात धरला आणि काही न बोलता तशाच उभ्या राहिल्या. आदल्या रात्री मला झोप नव्हती, तशी ती त्यांनाही नसावी.

दीड किलो पहिल्या तळणाची भाजी उरली. ती त्यांना दिली, ताटात पसरून, फ्रिजमध्ये उघडीच ठेवा म्हणून सांगितलं. तळलेलं तेल मी परत आणत नाही, तेही तिथेच वेगळं काढून ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी त्यांचाच फोन. "ताई, कढई तापलीय. किती वेळ ठेवू?"

"थोडी थोडी सोडा. सव्वा मिनिट. आणि फोन कढईजवळ धरा."

पहिला आवाज जड होता. मग हळूहळू तो बारीक, कोरडा होत गेला. "आता काढा," मी म्हटलं, "आणि झाकू नका."