बॉयलर बंद घ्यायचा कुणी?

जानेवारी महिना, रात्रपाळी आणि यार्डात ऊस तुंबलेला. सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, काल गाळप किती झालं? आमचं रोजचं गाळप दोन बॉयलरवर चालतं. त्यातल्या मोठ्या बॉयलरवर मी अटेंडंट होतो. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट परीक्षा देऊन मिळवलेलं, आणि ते कारखान्यानं दिलेलं नाही, सरकारनं दिलेलं आहे. बॉयलर कायद्याखालचा नियमच आहे, सर्टिफिकेटवाला माणूस जागेवर नसेल तर बॉयलर चालवायचा नाही. हे आधीच सांगतो, कारण त्या रात्री माझ्या हातात तेवढंच होतं.

दोन वाजून गेले असतील. फायरिंग फ्लोअरवर एक हंगामी फायरमन होता, तासगावकडचा, विशीतला पोरगा. फर्नेसच्या दाराशी बराच वेळ घुटमळला आणि मग पॅनेल रूममध्ये आला. "आण्णा, भट्टीतनं असा आवाज नेहमीच येतो का ओ?"

खाली जाऊन कान दिला. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतानाची घरघर आमच्या कानात इतकी मुरलेली असते की त्यात दुसरा आवाज मिसळला की लगेच खटकतो. डाव्या भिंतीकडून बारीक, सलग शिट्टी वाजत होती. वर येऊन पॅनेल पाहिलं. जितकी स्टीम जात होती त्याहून जास्त पाणी ओढलं जात होतं. भट्टीतला धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढले होते. राख बघून आलो, ती ओली. आता शंकेला जागा नव्हती, भट्टीतली ट्यूब, म्हणजे पाण्याची नळी, फुटली होती. ४५ किलोच्या दाबाखालचं पाणी एका भोकातून सुटलं की त्याची धार शेजारच्या ट्यूबा कापत सुटते. गळती वाढली की बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी हाताबाहेर जाते. भट्टीतला जाळ दारातून उलटा बाहेर आला, तर दारासमोर हीच हंगामी पोरं उभी असतात.

शिफ्ट इंजिनिअरना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "ट्यूब फुटलीय, बॉयलर बंद घ्यायला पाहिजे." त्यांनी स्वतः आवाज ऐकला, मान डोलावली आणि चीफ इंजिनिअरना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. फोनवर त्यांच्या तोंडून निघालं, "साहेब, ट्यूब लीकेज असावं असं वाटतंय." चीफ साहेबांनी एमडी साहेबांना काय सांगितलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं: "किरकोळ लीकेज आहे, सकाळपर्यंत निघेल." एमडी म्हणाले होते, "जमत असेल तर बघा, यार्डात गाड्या फार आहेत." तेच बोलणं उतरत उतरत माझ्यापर्यंत आलं ते असं: "आठपर्यंत बॉयलर बंद करायचा नाही, एमडी साहेबांची ऑर्डर आहे."

यात कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं वरच्याचा चेहरा डोळ्यासमोर आणून बातमी जरा सौम्य केली होती, आणि खाली सांगताना हुकमाला जरा धार लावली होती. माझ्या मते कारखान्यातले निम्मे धोके याच जिन्यावर तयार होतात.

त्याला कारणही आहे. मिल थांबली की तो वेळ स्टॉपेज रजिस्टरला कुणाच्या तरी नावावर पडतो. ऊस नसला तर शेती खात्यावर, मोटार गेली तर इलेक्ट्रिकलवर, स्टीम कमी पडली की आमच्यावर. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याच आकड्यांवरून खातेप्रमुखांची झाडाझडती होते. आमचे चीफ साहेब माणूस म्हणून सरळ, सीझनमध्ये घरी धड जेवायलाही जात नाहीत. पण त्या आठवड्यात आमच्या नावावर आधीच बरंच स्टॉपेज पडलं होतं. आणि यार्डात बीडकडच्या टोळ्या थंडीत बैलांशेजारी झोपल्या होत्या. ऊस वाळला की वजन घटतं, वजन घटलं की त्यांची मजुरी घटते. हे मलाही दिसत होतं आणि लागतही होतं.

मी शिफ्ट इंजिनिअरना म्हणालो, "साहेब, ही ऑर्डर लॉगबुकात लिहा आणि खाली सही करा." त्यांनी पेन उघडलं. लॉगबुकाचं पान समोर होतं, कडेला ग्रीसचा अंगठा उमटलेला. पेन तसंच हातात राहिलं. मग त्यांनी पुन्हा फोन केला, "साहेब, अटेंडंट लेखी मागतोय."

चीफ साहेब कॉलनीतून मोटारसायकलवर आले, मफलर गुंडाळून, पायात चपला. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. थेट दाराशी जाऊन ऐकलं, राख हातात घेऊन चिमटीत दाबली आणि म्हणाले, "बंद घ्या." बगॅस तोडला, मिलचा वेग निम्म्यावर आला. एमडींना फोनही त्यांनीच केला, आणि या खेपेला "किरकोळ" म्हणाले नाहीत.

भट्टी थंड झाल्यावर आत उतरून पाहिलं. ट्यूब उभी फाटली होती आणि धारेच्या माऱ्यानं शेजारच्या दोन ट्यूबा पत्र्यासारख्या पातळ झाल्या होत्या. बॉयलर इन्स्पेक्टर, सर्टिफिकेटवाला वेल्डर, हायड्रॉलिक टेस्ट, सगळं नियमानं झालं.

एमडी साहेब स्वतः बॉयलर हाऊसला आले. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" मी पोराचं नाव सांगितलं. तो फीड पंपाच्या आडोशाला उभा होता. साहेब चालत त्याच्यापर्यंत गेले आणि आवाज कसा होता, कुठून येत होता, सगळं त्याच्याकडूनच ऐकून घेतलं. पुढे नोटीस लागली: ट्यूब फुटल्याची खात्री झाल्यास अटेंडंटनं आधी बॉयलर बंद घ्यावा, फोन नंतर करावा, आणि तो वेळ पाळीच्या नावावर टाकू नये. नोटीस चांगलीच आहे. पण हंगामी पोरं त्यानंतर बोलायला लागली ती नोटिशीमुळे नव्हे. साहेब त्या पोरासमोर उभे राहून ऐकत होते, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

नंतर एका सुरक्षा प्रशिक्षणात १९७७चा टेनेरीफ या स्पेनच्या बेटावरचा विमान अपघात सांगितला गेला. दाट धुक्यात केएलएम या डच विमान कंपनीच्या ज्येष्ठ कॅप्टननं उड्डाण सुरू केलं. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला गेलं नाही का, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरनं काढली. कॅप्टननं ती उडवून लावली. ५८३ माणसं गेली. मला तिथं बसल्या बसल्या आमचा पोरगा आठवला. धोका त्यानंही प्रश्न करूनच सांगितला होता. खालच्या माणसाला ठाम बोलायची मुभाच नसते, म्हणून तो विचारतो. वरच्यानं त्या विचारण्यातली भीती ओळखायला हवी.

पोरगा अजून हंगामीच आहे. कायम करायच्या यादीत यंदाही त्याचं नाव आलं नाही, शिफारशीवाले पुढे गेले. त्या रात्रीच्या लॉगबुकाच्या नोंदीची झेरॉक्स जोडून मी युनियनकडे अर्ज दिलाय. चीफ साहेबांनी त्यावर शिफारस लिहून सही केली आहे. येत्या बैठकीत हा विषय घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.