नवतप्यात बसून ऑर्काचं फुटेज

२७ मे. पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीतला कूलर घरघर करून राहिला आणि मी पडदे ओढून स्क्रीनवर उत्तर नॉर्वेचा समुद्र आणि त्यातल्या ऑर्का, म्हणजे काळ्या-पांढऱ्या किलर व्हेल, बघून राहिलो. आई दारातून डोकावून गेली, म्हणे एवढा अंधार काहून आहे रे तुझ्या व्हिडिओत, रात्री काढला का? म्हटलं नाही गं, भर दुपारचे बारा वाजलेत तिथं. तिला काही ते पटलं नाही.

खरं म्हणजे तिचंही चूक नाही. ट्रॉम्सो शहराच्याही वर, सत्तर अंशाच्या आसपास शेर्वॉय नावाचं बेट आहे, तिथं नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दहाच्या सुमारास निळसर उजेड पडतो, डोंगरामागं थोडी गुलाबी रेघ दिसते आणि दोन वाजेस्तोवर सगळं खल्लास. आपल्याकडं शूट करताना ऊन कमी कसं करायचं याची चिंता, तिथं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, किती चढवला तर चित्र किती फाटेल याची. पाण्याखाली तर लाल रंग आधीच गायब होतो, त्यात वरून सूर्य नाही, म्हणून जे दिसतं ते निळं, काळं आणि मधेच ऑर्काच्या पोटाचा पांढरा पट्टा.

लोकं विचारतात बर्फ होता का पाण्यावर. नव्हता. एवढ्या उत्तरेला असूनही अटलांटिकचा कोमट प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून समुद्र गोठत नाही, हिवाळ्यातही पाणी पाच-सहा अंशांवर असतं. खारं पाणी गोठायलाच उणे १.८ लागतं. पण पाच-सहा अंश म्हणजे काय ते चेहरा पाण्यात टाकल्यावर समजतं. अंगात लोकरीचे कपडे, वर ड्राय सूट, त्याच्या गळ्याला आणि मनगटाला रबराची घट्ट पट्टी, म्हणून आत कोरडं असतं. ओठ मात्र उघडे. ते आधी दुखतात, मग दुखायचे बंद होतात, आणि स्नॉर्कल तोंडात आहे की सुटलं तेही कळत नाही.

कॅमेऱ्याची तर वेगळीच सेवा. बॅटऱ्या जाकिटाच्या आत अंगाला लावून ठेवायच्या, थंडीत लिथियम एकदम मान टाकते. हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी, बोटीच्या गरम केबिनमध्ये बंद केलं तर आतली दमट हवा थंड पाण्यात जाताच काचेवर धुकं धरते, मग समोर ऑर्का असो की देव, काही दिसत नाही. म्हणून बाहेर गारठ्यात बसूनच बंद करायचं, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि ओ-रिंगवर, म्हणजे पेटीच्या रबरी कड्यावर, एक केस जरी राहिला तर पाणी आत. बोटं सुन्न असताना ते केस शोधणं, बाप्पा!

एवढी मरमर कशासाठी तर हेरिंग नावाच्या माशासाठी. हेरिंगचे प्रचंड थवे हिवाळा काढायला किनाऱ्यावरच्या फियॉर्डांत, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांत, येतात आणि त्यांच्या मागं ऑर्का आणि हम्पबॅक व्हेल. ऑर्का मिळून थव्याला घेरतात, खालून वर ढकलतात, पांढरी पोटं दाखवून घाबरवतात, थवा आकसून गोळा झाला की शेपटीचा फटका, आणि गुंगी आलेले मासे एकेक करून उचलतात. घाई नाही, ढकलाढकली नाही. एका क्लिपमध्ये एक मादी फटका मारून वळते, आडवा पडलेला एक मासा उचलते आणि तिच्या बाजूला खवल्यांचा चुरा तरंगत राहतो, माझ्या टॉर्चमध्ये चमकी उधळल्यासारखा. तेवढ्यात खालून अंधारातून बारा-चौदा मीटरचा हम्पबॅक तोंड वासून येतो आणि ऑर्कांनी मेहनतीनं बांधलेला अर्धा गोळा एका घासात साफ. फुकट्या!

तर भांडण याच्यावर नाही. भांडण बोटीवर आहे.

एडिट माझा मामेभाऊ करून राहिला. सगळ्यात चांगल्या शॉटमध्ये, वर पृष्ठभागावर, मागं मासेमारीची मोठी बोट दिसते, पिवळे दिवे, जाळं वर खेचून राहिली. तो म्हणे, दादा, ती बोट काढून टाकू ना यार, एवढं जंगली वाटत होतं, सगळा मूड घालवला तिनं. क्लायंटचंही तेच, त्याला म्हणे अनटच्ड निसर्ग पाहिजे.

आता हे अनटच्ड म्हणजे काय? जाळं ओढायचं मशीन सुरू झालं की तो आवाज ऐकून ऑर्का लांबून येतात, संशोधकांनी टॅग लावून बघितलंय ते. जाळ्यातून सुटलेला मासा त्यांना आयता मिळतो. म्हणजे ती बोट माझ्या शॉटमध्ये घुसली नव्हती, ऑर्का तिच्यासाठीच आल्या होत्या, आणि मी त्या दोघांच्या मधे घुसलो होतो. बरं, हेरिंग तरी कुठं कायमचं? १९६० च्या दशकाच्या शेवटी माणसानं एवढी मासेमारी केली की साठा जवळपास संपला, परत सावरायला १९८० चं दशक उजाडलं. पुढं १९९० च्या दशकात हे सगळं लोफोटेन बेटांकडं टीसफियॉर्डात चालायचं, ऑर्का बघायला लोक तिकडं जायचे. मग माशानं जागा बदलली, ऑर्का गेल्या, मागोमाग पर्यटक गेले. आता शेर्वॉय, उद्या आणखी कुठं.

ताडोब्यातही आपण हेच करतो. वाघीण रस्त्यावर, तिच्या भोवती जिप्स्या, सगळ्यांची मानेची हाडं मोडायला आलेली, आणि फोटो टाकताना मात्र जिप्स्या कापून फक्त वाघीण आणि बांबू. जसं काही ती आणि मी दोघंच होतो तिथं. मीही असे फोटो टाकलेत, छान दिसतात ते, खोटं नाही बोलत. शेर्वॉयलाही तसंच, एका थव्यामागं पर्यटकांच्या कितीतरी रबरी बोटी, आणि जो तो फ्रेम अशी लावतो की बाकीचे दिसू नये.

पण आवाज कापता येत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगानं येतो, त्यामुळं कुठून आला ते माणसाच्या कानाला उमगतच नाही. ऑर्काच्या शिट्ट्या, टिकटिक, आणि त्याच्याखाली सतत इंजिनाची घूंऽऽ, सगळं डोक्याच्या आतच वाजून राहिलं असं वाटतं. मामेभाऊ म्हणे हा नॉइज फिल्टरनं निघेल. म्हटलं हात लावू नको बे.

संध्याकाळपर्यंत तडजोड झाली. क्लायंटला त्याचं दोन मिनिटांचं स्वच्छ व्हर्जन, बोट नाही, वर बासरी. पैसे त्याचेच आहेत शेवटी. दुसरं लांब व्हर्जन आम्ही आमच्या नावानं ठेवू, त्यात बोट, दिवे, जाळ्यावर बसलेले सीगल आणि मूळ आवाज. भाऊ अजून कुरकुर करून राहिला की एवढं लांब कोण बघते. रेंडर लावलाय, साडेतीन तास दाखवतोय, आणि या उन्हात लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही म्हणून त्याला खाली इन्व्हर्टरचं पाणी बघायला पाठवलंय.