संगणकाच्या पंख्यांचा निळा प्रकाश बदलताना

कोथरूडच्या आमच्या घरात माझा संगणक वडिलांच्या खोलीत आहे आणि व्हिडिओ रेंडर करण्याचे, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करण्याचे काम मी बहुधा रात्रीच लावून ठेवतो. त्याच्या कॅबिनेटला १२० मिलिमीटरचे तीन पंखे आहेत. काम सुरू झाले, की ते पूर्ण वेगाने फिरत आणि त्यांच्या चौकटीतील निळे एलईडी समोरच्या भिंतीवर इतके प्रखर पडत, की वडिलांना कूस बदलून झोपावे लागे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शरीराला दिवस असल्याचा संकेत देतो आणि झोपेस पोषक असे मेलाटोनिन हे संप्रेरक रोखतो, हे ठाऊक असताना तो तसाच ठेवणे मला पटेना. दिवे काढूनच टाकावेत, असाही विचार केला होता. परंतु रात्री पाण्यासाठी उठताना त्यांना त्या उजेडाचा आधार होतो, म्हणून समईच्या जवळ जाणारा नारिंगी रंग आणायचे ठरवले.

रंग बदलण्याआधी तो पंख्यात नेमका कुठे आहे, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या पंख्याला दिव्यांसाठी वेगळी वायर असते, त्याचा रंग मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डच्या सॉफ्टवेअरमधून बदलता येतो आणि त्यासाठी पेचकस हातात घेण्याचीही गरज नसते. अशा जोडण्यांचे दोन प्रकार आहेत: चार पिनांची १२ व्होल्टची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) जोडणी, जिच्यात सगळे दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतात, आणि तीन पिनांची ५ व्होल्टची एआरजीबी जोडणी, जिच्यात प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रंग देता येतो. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर जोडले गेले, तर ते जळतात. माझ्या एका मित्राचे तीन कोरे पंखे याच चुकीने पहिल्याच मिनिटात कायमचे विझले. जोडणी करून देणाऱ्या दुकानदाराने मदरबोर्डवर छापलेला व्होल्टेजचा आकडा वाचला असता, तर ते वाचले असते.

माझे पंखे मात्र जुने, फक्त मोटरची तीन पिनांची जोडणी असलेले आणि एकाच रंगाचे. त्यांच्या दिव्यांना वीज मोटरच्याच वायरीतून मिळते, त्यामुळे दिवे बदलण्याखेरीज मार्ग नव्हता. प्रत्येक चौकटीच्या चार कोपऱ्यांत ३ मिलिमीटरचे चार एलईडी होते आणि दोन-दोन एलईडींच्या माळेला प्रवाह मर्यादित ठेवणारा ३९० ओहमचा एक रेझिस्टर होता. तपकीर गल्लीतून नारिंगी एलईडी आणले, जुने काढले आणि चपटी कड ऋण बाजूची ही खूण सांभाळून नव्यांना डाग दिला. पहिल्या पंख्यात जुना रेझिस्टर तसाच ठेवला आणि उजेड पुन्हा डोळ्यांना बोचू लागला. कारण उघड होते. निळ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात, नारिंगीला साधारण २ व्होल्ट पुरतात. त्यामुळे दोन एलईडींच्या माळेत १२ पैकी ५.६ ऐवजी ८ व्होल्ट रेझिस्टरवर येतात आणि प्रवाह १४ मिलिअँपिअरवरून २० च्या वर जातो. ५६० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर घातल्यावर तो पुन्हा १४ वर आला. एवढा हिशोब कागदावर आधीच मांडायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

पात्यांना स्प्रे पेंट मारण्याचा सल्लाही मला मिळाला होता. पात्यांवर रंगाचा थर कमी-अधिक बसला तर पंख्याचा तोल जातो, तो थरथरू लागतो आणि बेअरिंग लवकर झिजते. ज्यांना रंगच द्यायचा आहे, त्यांनी स्थिर राहणारी चौकट रंगवावी आणि पात्यांना हात लावू नये, असे माझे मत आहे.

या कामातून एक गोष्ट अनपेक्षितपणे हाती आली. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून उतरवला जातो आणि त्याबरोबर दिवेही मंदावतात. पंखा ७ व्होल्टवर आला, की ६.४ व्होल्ट मागणारी निळ्या एलईडींची जोडी जवळजवळ विझून जाई. नारिंगी जोडीला ४ व्होल्टच लागत असल्याने तिच्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर वाहत राहतात आणि काम संपल्यानंतरही खोलीत मंद उजेड उरतो. परवा पहाटे मी त्या खोलीत गेलो, तेव्हा वडील जागेच होते. भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "तुझं काम तासाभरापूर्वीच संपलं, उजेड उतरलाय."