खोली मोठी नको, खरी दाखवूया

इंटिरिअरच्या शूटला गेलं की एक मागणी ठरलेलीच असते, जरा वाइड घ्या ना, खोली मोठी दिसली पाहिजे. डिझायनर असो, बिल्डर असो, काँट्रॅक्टर असो, सगळ्यांना तेच हवं असतं आणि मी दरवेळी नाही म्हणते. का म्हणते ते आज नीट लिहून टाकते.

फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर १६ एमएमची लेन्स लावली की आडवं जवळपास ९७ अंश दिसतं, २४ एमएमला ७४ च्या आसपास आणि ३५ ला साधारण ५४. आता कोपऱ्यात उभं राहून १६ वर फोटो काढला की खोली सगळी मावते हे खरंय, पण कडेचा सोफा ताणल्यासारखा लांब होतो, गोल दिवा अंडाकृती होतो आणि समोरची भिंत, जिच्यावर डिझायनरने सगळ्यात जास्त डोकं लावलेलं असतं, ती कुठेतरी लांब जाऊन एवढीशी दिसते. म्हणजे ज्याचं काम दाखवायला आलो त्याचीच प्रमाणं आपण मोडली. आणि असे फोटो बघून आलेलं गिऱ्हाईक प्रत्यक्ष झालेलं काम बघायला गेलं की पहिलं काय म्हणतं, तर फोटोत मोठं वाटलं होतं. तिथेच विश्वास गेला ना!

म्हणून मी शक्यतो २४ ते ३५ मध्येच राहते, मागे सरकते, दाराबाहेर ट्रायपॉड लावून चौकटीतून काढते, आणि तरी खोली मावत नसेल तर नाही मावत, दोन फ्रेम करायच्या. अर्धा वॉर्डरोब आणि खिडकीचा एक तुकडा एवढंच दिसलं तरी बाकीची खोली बघणाऱ्याला कळते.

कॅमेऱ्याची उंची हा असाच दुर्लक्षित विषय. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून काढलं तर टेबलं, बेड सगळं वरून बघितल्यासारखं येतं. मी साधारण ४ फुटांपासून सुरू करते, बेडरूममध्ये अजून खाली, किचनमध्ये मात्र ओट्याची वरची बाजू थोडी दिसेल इतपत वर. आणि कॅमेरा लेव्हलमध्येच हवा, जरा वर-खाली कलला की भिंतीच्या उभ्या रेषा आत नाहीतर बाहेर झुकतात. टिल्ट-शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा न कलवता फ्रेम वर सरकवता येते, महाग असते पण या कामात तिला तोड नाही.

आता लाइट, यावर माझे सगळ्यात जास्त वाद होतात. दिवसाच्या फोटोत मी घरातले दिवे बंद करायला लावते. ज्यांनी हौसेने कोव्ह लाइट, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेले दिवे केलेत त्यांना वाईट वाटतं, मला समजतं ते. पण उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, वॉर्म म्हणजे पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा, खिडकीतला उजेड ५५०० च्या पुढे, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते कॅमेऱ्याचं सेटिंग, एका वेळी एकच होणार, मग त्याच क्रीम भिंतीवर एक डाग नारिंगी आणि एक निळसर. ज्याने चार-चार सॅम्पल बघून लॅमिनेटची शेड पक्की केली त्याची शेडच फोटोत चुकीची गेली तर उपयोग काय? कोव्ह लाइट दाखवायचेच असतील तर संध्याकाळी, बाहेरचा उजेड उतरत असताना, ट्रायपॉड न हलवता कमी-जास्त उजेडाची वेगळी एक्स्पोजर घ्यायची आणि नंतर एडिटमध्ये हाताने जोडायची.

ही काही आजची युक्ती नाही. फोटोग्राफर ज्युलियस शुलमनने १९६० मध्ये आर्किटेक्ट पिएर कोनिगने बांधलेल्या स्टाल हाउस या घराचा जो फोटो काढला, काचेच्या खोलीत दोन बायका बसल्यात आणि खाली लॉस एंजेलिस पसरलंय, त्यात शहराच्या दिव्यांसाठी साधारण ७ मिनिटांचं एक्स्पोजर आहे आणि आतल्या माणसांसाठी वेगळा फ्लॅश, तेही एकाच निगेटिव्हवर. आज आपल्याकडे ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे एकच फ्रेम कमी-जास्त उजेडात घेणं, एडिटमध्ये ते फोटो एकमेकांवर ठेवायला लेयर्स आहेत, तरी लोक ऑटो एचडीआर मारतात, म्हणजे ते सगळं कॅमेऱ्यालाच आपोआप जोडू देतात आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतात. अहो सावलीच गेली तर पॅनेलच्या खाचा दिसणार कशा, त्या खाचांवर सुताराने जीव ओतलाय.

शूटच्या आधी मी विचारतेच की फोटो कशाला हवेत. डिझायनरला खोलीची कल्पना दाखवायची असते, बिल्डरला फिनिशिंग, म्हणजे टाइल्सची रेष कोपऱ्यात कशी जुळली, कपाटाच्या शटरमधली फट सगळीकडे सारखी आहे का, स्कर्टिंग दाराच्या चौकटीला कसं मिळालं. तिथे ५० किंवा ८५ एमएमची लेन्स लावून जवळचे फोटो घेते. धूळ, हाताचे ठसे एडिटमध्ये काढते, पण भिंतीवरचा प्लग पॉइंट काढत नाही आणि तडा तर अजिबात नाही.

अजून एक, फोटो कोण कोण वापरणार हे कोटेशनमध्येच लिहा. एका घरात डिझायनर, काँट्रॅक्टर, मॉड्युलर किचनवाले, टाइल्सवाले अशा सगळ्यांचं काम असतं आणि शूट झालं की सगळेच फोटो मागतात, तेव्हा खर्च वाटून घ्यायचा असेल तर तो आधीच ठरवा. घरमालकाची लेखी परवानगी घ्या, मुलांचे फोटो, सर्टिफिकेटं, दारावरची नावाची पाटी फ्रेममधून बाजूला करा, कारण घर त्यांचं आहे आणि फोटो मात्र कुठेही फिरणार आहेत.