ओट्याची उंची

स्वयंपाकघराचं काम काढलंय. आज मिस्त्री ओट्याची उंची विचारत होता आणि आत्या नेमकी घरी. म्हणाली, "अरे, आम्हाला कुणी विचारलंच नाही. चूल जमिनीवर, आम्हीही जमिनीवर."

मग तिची गाडी सुटलीच. चुलीवर भात, वैलावर आमटी, फुंकणीने डोळ्यांतून पाणी. पुढे पितळी स्टोव्ह आला, तर रॉकेलसाठी रेशनच्या रांगा. नोझल तुंबलं की पिन मारायची, तीही तोंड लांब धरून, कारण भडका कधी उडेल याचा नेम नाही. मुंबईत घरगुती गॅस १९५५ लाच आला होता म्हणे, पण आत्याकडे नंबर लागेपर्यंत ऐंशीचं दशक उजाडलं. सिलिंडर आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं!

मी उगाच म्हटलं, चुलीवरच्या भाकरीची चव काही औरच. (हल्ली हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की आपण गाडी थांबवतोच ना.) आत्या फिस्कारली, "चव तुम्हाला, धूर आम्हाला." पुरुषांची पंगत, मग मुलांची, शेवटी बायका. तोवर आमटी तळाला गेलेली आणि पोळ्या गार.

रात्री मुलाने तव्यावरची पोळी थेट तिच्या ताटात वाढली. तिने तूप मागून घेतलं आणि वर त्याला सांगितलं, "कडा कच्च्या राहिल्यात रे."

ओटा चौतीस इंचांचा ठरला. मुलगा उंच आहे, त्याच्या मापाने.